वॉचमन आणि वॉच टॉवर एकाच घरातले का?

वेंगुर्ल्याहून एक वाचक लिहितात: ताई, माझे आजोबा मुंबईत गोदीत कामाला होते, रिटायर होऊन गावी आले तेव्हा एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले ती आजपर्यंत माळ्यावर पडून होती. यंदा पावसाआधी कौलं परतायला घेतली तेव्हा ती खाली काढली, तर आत सगळी इंग्रजी मासिकं. काही 'ओरिएंटल वॉचमन' आणि काही 'वॉच टॉवर'. आमच्या घरात कोणी ख्रिश्चन नाही, आजोबांना हातात येईल ते वाचायचं वेड होतं एवढंच. मुलाने नेटवर शोधलं तर एक तक्ता मिळाला, सगळ्यात वर विल्यम मिलर, तिथून बाण एलन व्हाइटकडे, आणि तिच्याकडून पुढचा बाण चार्ल्स रसेलकडे. शेजारचे काका तो बघून म्हणाले, "हे सगळे एकाच घरातले ओ." खरंच तसं आहे का? आणि दुसरं, ही मासिकं ठेवायची की रद्दीत द्यायची?

उत्तर: दादा, आधी हात जोडून सांगते, रद्दीत देऊ नका. बाकी शेवटी बोलू.

आता तक्ता. पहिला बाण बरोबर आहे, दुसरा चुकलाय, आणि हीच चूक इतक्या ठिकाणी कॉपी होत फिरत असते की मला त्यावर नीट लिहायचंच होतं. तुमच्या ट्रंकेतली दोन मासिकं दोन वेगळ्या मंडळ्यांची आहेत. ओरिएंटल वॉचमन हे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोकांचं, म्हणजे शनिवार हा उपासनेचा दिवस पाळणाऱ्या, एलन व्हाइटच्या ख्रिश्चन मंडळीचं, 1898 ला कलकत्त्याला सुरू झालेलं, पुढे त्यांचा छापखाना पुण्यात सॅलिसबरी पार्कला आला. वॉच टॉवर हे रसेलचं, अमेरिकेत पिट्सबर्गला जुलै 1879 मध्ये सुरू झालं आणि आज ज्यांना आपण यहोवाचे साक्षीदार म्हणतो त्यांचं. मराठीत तेच 'टेहळणी बुरूज' नावाने निघतं. नावं सारखी वाटतात कारण बायबलमधला बुरुजावर उभा राहून पहाट कधी होते ते बघणारा पहारेकरी दोघांनाही आवडला. तेवढ्यावरून एक घर ठरत नाही, आपल्याकडे एकाच देवाच्या नावाची किती दुकानं असतात.

पण नातं अजिबात नाही असंही नाही. ते चुलत नातं आहे, आई-मुलाचं नाही. एलन व्हाइटकडून रसेलने काही घेतलं असं दाखवणारा कागद मला कुठे दिसलेला नाही. दोघांचं मूळ वर एका माणसात मिळतं, आणि तो म्हणजे मिलर.

विल्यम मिलर हा 1782 साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला जन्मलेला शेतकरी. आपल्याकडच्या मराठी मिशनचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, 1813 ला मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल हाही मॅसॅच्युसेट्सचाच, मिलरपेक्षा दोनच वर्षांनी लहान. म्हणजे ज्या मातीतून आपल्याकडे पहिले अमेरिकन मिशनरी आले त्याच मातीतला हा. मिलर 1812 च्या युद्धात लढला, तोवर देव आहे पण तो माणसांच्या भानगडीत पडत नाही असं मानणारा होता, युद्धानंतर हळूहळू बदलला आणि बॅप्टिस्ट झाला. मग 1816 ते 1818 दोन वर्षं शेत सांभाळत बायबल ओळीने वाचत बसला, आणि त्याला वाटलं की येशू परत येण्याचं साल त्यात सापडतंय, साधारण 1843. तो बारातेरा वर्षं गप्प होता, 1831 ला पहिल्यांदा लोकांसमोर बोलला. त्याला देशभर पोचवलं ते बॉस्टनच्या जोशुआ हाइम्सने, 1840 पासून मासिकं, तक्ते, तंबूतल्या सभा, सगळं ह्याने उभं केलं. मला विचाराल तर हाइम्स नसता तर मिलर त्याच्या लो हॅम्प्टन गावापुरताच राहिला असता. अनुयायांचा आकडा पन्नास हजार ते एक लाख असा अंदाजाने सांगतात.

शेवटी ठरलेली तारीख होती 22 ऑक्टोबर 1844. ती आली आणि गेली. त्या दिवसाला इतिहासात 'मोठी निराशा' म्हणतात आणि तुमच्या तक्त्यात नेमकी हीच जागा मोकळी आहे, कारण सगळे फाटे फुटले ते मिलरच्या शिकवणीतून कमी आणि ह्या एका रात्रीतून जास्त.

एक फाटा असा. न्यूयॉर्क राज्यात ईरी कालव्यावर पोर्ट गिब्सन गाव आहे, तिथला शेतकरी हायरम एडसन आणि मंडळी रात्रभर वाट बघत बसली, मग पहाटेपर्यंत रडली. सकाळी तो एका सोबत्याबरोबर मक्याच्या शेतातून चालला होता तेव्हा त्याला सुचलं की तारीख बरोबर होती, घटना चुकली. येशू पृथ्वीवर यायचा नव्हताच, तो स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या आतल्या खोलीत, परमपवित्रस्थानात, त्या दिवशी गेला. हे पुढे क्रोझियर नावाच्या तरुणाने अभ्यास करून 1846 मध्ये छापलं. त्याच सुमारास, डिसेंबर 1844 मध्ये, मेन राज्यातल्या पोर्टलंडला एलन हार्मन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीला दर्शन झालं, 1846 ला तिने जेम्स व्हाइटशी लग्न केलं. तिसरा जोसेफ बेट्स, हा जहाजाचा कॅप्टन, पंधराव्या वर्षी केबिन बॉय म्हणून दर्यावर गेलेला, इंग्रजांनी जबरदस्तीने आरमारात घातलेला, कैद भोगलेला, आणि नंतर दारू तंबाखू चहा सगळं सोडलेला. एलन, जेम्स आणि बेट्स हे तिघे मिळून सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीचे संस्थापक, 1860 ला बॅटल क्रीक गावात नाव ठरलं आणि मे 1863 मध्ये संघटना झाली तेव्हा 125 मंडळ्या आणि साडेतीन हजार माणसं होती.

दुसरा फाटा शनिवार न मानणारा, आणि रसेलचं नातं ह्या फाट्याशी आहे. इथे जो माणूस तक्त्यात कधीच नसतो तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, जॉर्ज स्टॉर्स. हा मेथडिस्ट पाळक 1837 ला रेल्वेने चालला होता आणि डब्यात त्याला एक लेखकाचं नाव नसलेली पुस्तिका मिळाली. ती हेन्री ग्रू नावाच्या माणसाची होती. तिचं म्हणणं होतं की आत्मा आपोआप अमर नसतो, मेलेला माणूस झोपलेला असतो, आणि दुष्टांना कायमचं जाळत ठेवणारा नरक बायबलमध्ये नाही. स्टॉर्स ते वाचून पालटला, त्यावर प्रवचनं दिली, 'बायबल एक्झामिनर' नावाचं मासिक काढलं, मग मिलरच्या चळवळीत आला आणि हा विचार तिथे सोबत घेऊन आला. मिलरला तो मान्य नव्हता बरं का. पण आज सेव्हन्थ डे वाल्यांना विचारा की मेल्यावर काय होतं आणि यहोवाच्या साक्षीदारांना विचारा, दोघंही म्हणतील मेलेला झोपेत असतो, कायमचा नरक नाही. दोघांमधलं खरं कौटुंबिक साम्य हे, आणि ते डब्यातल्या त्या बेवारस पुस्तिकेपर्यंत मागे नेता येतं.

आता रसेल. जन्म 1852, म्हणजे मोठ्या निराशेनंतर आठ वर्षांनी, पिट्सबर्गजवळ ॲलेगेनीला, बापाचं कपड्यांचं दुकान. नरकाच्या शिकवणीने वैतागून श्रद्धा जवळजवळ सोडलेली, आणि 1869 च्या सुमारास एका अंधाऱ्या धुळकट हॉलमध्ये तो जोनस वेंडल नावाच्या प्रचारकाचं बोलणं ऐकायला शिरला. वेंडल ॲडव्हेंट ख्रिश्चन गटाचा, म्हणजे ह्या दुसऱ्या फाट्याचा. रसेलने स्वतः पुढे लिहून ठेवलंय की त्या माणसाचं सगळं पटलं नाही पण डळमळलेली श्रद्धा त्याच्यामुळे सावरली. त्यानंतर जॉर्ज स्टेटसन, मग स्वतः स्टॉर्स, आणि 1876 मध्ये नेल्सन बार्बर. यरुशलेमवरची परक्यांची सद्दी 1914 ला संपेल असं सांगणारा रसेलचा लेख ऑक्टोबर 1876 ला छापून आला तो कुठे, तर स्टॉर्सच्या बायबल एक्झामिनरमध्ये. हे कळल्यावर तुमच्या मुलाला सांगा की दुसरा बाण व्हाइटबाईंकडून पुसून टाक आणि मिलर, स्टॉर्स, वेंडल, बार्बर अशी वेगळी ओळ काढ.

बार्बर हा जुना मिलरवाला. 1844 नंतर सगळं सोडून ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींकडे गेला, 1859 ला परतताना जहाजावर वेळ घालवायला पुन्हा भविष्यवाण्या वाचायला लागला आणि त्याला वाटलं मिलरची तीस वर्षांची चूक झालीय. म्हणून त्याने 1873, मग 1874 धरलं. तेही आलं आणि गेलं. तेव्हा त्यांच्यातल्या एकाला ग्रीक शब्दाचा अर्थ सापडला, 'पारूसिया' म्हणजे येणं नव्हे तर उपस्थिती, म्हणजे येशू आलाय पण अदृश्य. परत तेच बघा, तारीख बरोबर, घटना चुकली! मक्याच्या शेतात एडसनने जी वाट काढली तीच तीस वर्षांनी दुसऱ्या माणसांनी वेगळ्या शब्दांतून काढली, एकमेकांचं न बघता. माझ्या मते ह्या दोन मंडळ्यांना जोडणारा धागा कुठल्या संस्थापकाचा नाही, तो हा आहे, की निराशेला दोघांनी एकाच पद्धतीने उत्तर दिलं.

बार्बर आणि रसेलने 1877 ला मिळून पुस्तक काढलं, वर्षभरात येशूच्या मरणाने पापाची किंमत चुकती झाली की नाही ह्या प्रश्नावर भांडण झालं, रसेल बाहेर पडला आणि 1879 ला वॉच टॉवर काढलं. ऑक्टोबर 1916 मध्ये टेक्ससात रेल्वेतच वारला. यहोवाचे साक्षीदार हे नाव त्याच्या हयातीत नव्हतंच, ते 1931 चं, त्याच्यानंतर सूत्रं घेतलेल्या रदरफर्डच्या काळातलं.

गुहागरहून एक निवृत्त शिक्षक: मी गणित शिकवलं आयुष्यभर. मिलरने 1843 काढलं ते कसं, आणि ते 1844 कसं झालं, आणि त्यातही ऑक्टोबर का? नीट सांगा, मोघम नको.

उत्तर: सर, मोघम नाही सांगत. दानीएलाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात 2300 दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं आहे. बायबलमध्ये एकदोन ठिकाणी एक दिवस म्हणजे एक वर्ष असं धरलंय, तो नियम घेऊन 2300 वर्षं. सुरुवात कुठून, तर पारसचा राजा अर्तहशश्त ह्याने यरुशलेमबद्दल हुकूम दिला ते साल, इसवी सनपूर्व 457. 2300 मधून 457 वजा करा, 1843. आता तुमच्यासारखा माणूस लगेच बोट ठेवेल की इसवी सनात शून्य वर्ष नाही, सनपूर्व 1 नंतर थेट सन 1 येतं, म्हणून एक वर्ष वाढतं आणि 1844 होतं. मिलरने आधी ज्यू वर्ष धरून 21 मार्च 1843 ते 21 मार्च 1844 अशी मुदत दिली होती, ती टळल्यावर ही चूक लोकांच्या लक्षात आली.

ऑक्टोबर काढला सॅम्युएल स्नोने. त्याचं म्हणणं, पवित्रस्थान शुद्ध होण्याचा दिवस म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याची दशमी. ऑगस्ट 1844 मध्ये एक्झेटर गावच्या तंबूसभेत त्याने हे मांडलं आणि वणवा लागल्यासारखं पसरलं. पण गंमतीचा भाग वेगळाच, त्या वर्षी नेहमीच्या ज्यू पंचांगाप्रमाणे तो दिवस 23 सप्टेंबरला येत होता! स्नोच्या लोकांनी कराइट नावाच्या ज्यू पंथाची जुनी पद्धत धरली, तीत वर्षाचा पहिला महिना यहूदियात जव पिकायला आलंय की नाही त्यावर ठरतो, जव तयार नसेल तर एक महिना वाढतो. आपल्याला हे समजायला काही जड नाही, अधिक मास आला की आपली गणेश चतुर्थी महिनाभर पुढे जातेच, आणि स्मार्त एकादशी एका दिवशी नि भागवत दुसऱ्या दिवशी हेही आपण घरात बघतो. तसंच हे. मिलरने स्वतः ही तारीख मान्य केली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जेमतेम दोन आठवडे आधी. शेवटच्या तारखेचा जनक तो नाही, हे त्याच्या नावावर उगाच खपतं.

आणि सर, नातं शोधायला गणित किती उपयोगी पडतं ते बघा. मिलरकडे आणखी एक आकडा होता, 2520 वर्षं, 'सात काळ' गुणिले 360. तो त्याने इसवी सनपूर्व 677 पासून मोजला की 1843 येतं. रसेलकडेही तेच 2520, त्याला ते परराष्ट्रीयांची सद्दी म्हणत, फक्त सुरुवात 606 पासून, बेरीज करा, 1914. आकडा तोच, पद्धत तीच, सुरुवातीचा खुंटा हलवला. शून्य वर्षाची तीच चूक इथेही राहिली होती, पुढे त्यांनी 606 चं 607 केलं आणि 1914 तसंच ठेवलं. मी तर म्हणेन, कोण कोणाला भेटलं ह्यापेक्षा कोणी कोणाची बेरीज पुढे चालवली हा पुरावा जास्त पक्का.

अलिबागहून एक ताई: सेव्हन्थ डे वाले शनिवार पाळतात तो ज्यू लोकांकडून घेतला का? आमच्याकडे इस्राईल आळी आहे म्हणून विचारते.

उत्तर: ताई, हा प्रश्न फक्त रायगडातूनच येऊ शकतो! माझी एक वर्गमैत्रीण इस्राईल आळीतली होती, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की ती खेळायला यायची नाही, मला त्या वयात फार राग यायचा. बेने इस्राईल म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना आपल्याकडे 'शनवार तेली' म्हणायचे कारण तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची त्यांची आठवण सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. म्हणजे सातव्या दिवशी काम बंद ही गोष्ट कोकणाने अमेरिका हे नाव ऐकायच्या कितीतरी आधी बघितली आहे.

पण ॲडव्हेंटिस्टांचा शनिवार थेट ज्यूंकडून आलेला नाही. तो आला सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट नावाच्या छोट्या ख्रिश्चन पंथाकडून, हे लोक इंग्लंडात सतराव्या शतकापासून, आणि अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 1671 पासून. त्यातल्या रेचल ओक्स नावाच्या बाईंनी न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन गावात, मिलरच्या चळवळीतल्या लोकांना हा शनिवार सांगितला. (राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, डोंगरातलं लहानसं गाव.) मग 1845 ला प्रेबल नावाच्या प्रचारकाने त्यावर लेख लिहिला, तो कॅप्टन बेट्सच्या हातात पडला, बेट्स खात्री करायला त्या गावापर्यंत गेला, परत येऊन 1846 मध्ये स्वतःची पुस्तिका काढली, आणि ती वाचून व्हाइट नवराबायको शनिवार पाळायला लागले. एवढी सरळ साखळी इतिहासात क्वचित मिळते, आणि तिची पहिली कडी एक बाई आहे जिचं नाव तक्त्यांत नसतं. मिलरने स्वतः शनिवार शेवटपर्यंत मानला नाही.

ह्याच शनिवारवाल्यांतून व्हाइटबाईंची दर्शनं न मानणारे काही जण वेगळे राहिले, मिशिगनला त्यांनी 1863 मध्ये 'होप ऑफ इस्राएल' मासिक काढलं, त्यांच्यातून पुढे चर्च ऑफ गॉड सेव्हन्थ डे, आणि त्या ओळीतून हर्बर्ट आर्मस्ट्राँग नावाचा प्रचारक, ज्याचा रेडिओवरचा प्रचार 1934 पासून चालू झाला.

देवगडहून एक वाचक: मिलरची ती माणसं पांढरे झगे घालून डोंगरावर जाऊन बसली होती म्हणतात, खरं का?

उत्तर: नाही. ज्यांनी शोध घेतला त्यांना त्या झग्यांचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी टिंगल म्हणून पिकवलेली ती गोष्ट आहे. बहुतेक लोक घरात नाहीतर प्रार्थनेच्या जागी बसले होते. शेतं न कापता सोडली हे मात्र काही ठिकाणी झालं. ॲडव्हेंटिस्ट लोक न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतात, त्याने बटाटे काढलेच नाहीत, आणि त्या वर्षी ज्यांनी लवकर काढले त्यांचे सडले, ह्याचे जमिनीत राहिलेले चांगले निघाले आणि भाव मिळाला.

चिपळूणहून: दारावर मासिकं घेऊन येतात ते ह्यातले कोण? नम्रपणे कसं ओळखायचं?

उत्तर: विचारा, ते सांगतात, लपवत नाहीत. दारोदार जोडीने येणारे बहुतेक वेळा यहोवाचे साक्षीदार. मुंबईत त्यांचं ऑफिस 1926 ला सुरू झालं, एडविन स्किनर नावाचा इंग्रज माणूस ते सांभाळायला आला होता. ते कुठलाच वार खास पाळत नाहीत, येशूला देवाच्या बरोबरीचा मानत नाहीत, रक्त घेत नाहीत आणि राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहतात पण गात नाहीत. केरळातल्या तीन भावंडांना ह्यावरून शाळेतून काढलं होतं आणि 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, तो निकाल वकिलीच्या मुलांना आजही शिकवतात. सेव्हन्थ डे वाले शनिवारी उपासना करतात, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानतात, आणि शाळा दवाखाने चालवतात, पुण्याचं स्पायसर कॉलेज त्यांचंच, 1942 पासून पुण्यात आहे. इथे एक बारीक गोष्ट, जेम्स व्हाइट आणि बेट्स दोघे ज्या 'ख्रिश्चन कनेक्शन' पंथातून आले तो त्रैक्य मानत नव्हता, म्हणून सुरुवातीचे बरेच ॲडव्हेंटिस्टही मानत नव्हते, नंतरच्या पिढ्यांत ते बदललं. आजचा फरक बघून मागच्या काळाचा अंदाज बांधायला गेलं की असं चुकतं.

कुडाळहून कॉलेजची विद्यार्थिनी: कॉर्नफ्लेक्स ह्या लोकांनी शोधले हे खरं? आणि टेक्ससमधल्या वेकोची ती आग, तेही हेच का?

उत्तर: कॉर्नफ्लेक्सचं खरं आहे गं. बॅटल क्रीकला ॲडव्हेंटिस्टांचं आरोग्यधाम होतं, तिथे डॉक्टर जॉन केलॉग आणि त्याचा भाऊ विल, बिनमांसाचा हलका नाश्ता शोधता शोधता धान्याच्या पापुद्र्यांपर्यंत पोचले. कंपनी काढली विलने, 1906 ला, आणि डॉक्टरला मंडळीने 1907 मध्ये काढून टाकलं. वेकोचं उत्तर हो पण लांबून. 1929-30 च्या सुमारास हूटेफ नावाच्या माणसाने वेगळी शिकवण काढली, मंडळीने त्याला बाहेर काढलं, 1935 ला तो वेकोला गेला, त्याच्या मरणानंतर त्यातून आणखी एक गट फुटला आणि त्या गटाचं 1993 मध्ये एकावन्न दिवसांच्या वेढ्यानंतर जे झालं ते झालं. त्या आगीच्या साठेक वर्षं आधी बाहेर काढलेल्या माणसाच्या फुटीर गटाचं पाप मूळ मंडळीच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही.

रत्नागिरीहून एक नर्स लिहितात: मी सेव्हन्थ डे मंडळीत वाढले, माझी आई पण. कामाच्या ठिकाणी कोणीतरी हे सगळं वाचून म्हणालं की तुमचा धर्म चुकलेल्या तारखेवर उभा आहे. मला वाईट वाटलं, उत्तर सुचलं नाही.

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. श्रद्धेचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते तुझ्या पाळकांना आणि आईला विचार, पण इतिहासाचं देते. तारीख चुकली हे तुमच्या संस्थापकांनी कधी लपवलं नाही. एडसनने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की आम्ही पहाटेपर्यंत रडत होतो. आणि तारखेनंतर जे टिकले त्यांनी काय केलं ते बघ, अठरा वर्षं घरोघरी, कोठारांत, स्वयंपाकघरांत बसून एकेक मुद्दा वाचला, भांडले, परत बसले, व्हाइट नवराबायकोंकडे तर छापायला पैसे नसायचे, आणि 1863 ला कुठे संघटना झाली. त्या अठरा वर्षांबद्दल कोणी बोलत नाही कारण त्यात तारीख नाही.

मिलरबद्दलही सांगते. त्याच्या स्वतःच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्याला काढलं. निराशेनंतर काही आठवड्यांनी त्याने हाइम्सला पत्र लिहिलं की मी आता दुसरी वेळ ठरवली आहे, आणि ती म्हणजे आज, आज आणि आज, तो येईपर्यंत. परत कुठलं साल त्याने सांगितलं नाही. 1848 ला घराजवळ छोटं देऊळ बांधलं, डोळे जात चालले होते, डिसेंबर 1849 ला गेला. लो हॅम्प्टनला ते देऊळ अजून आहे. कोणी परत बोललं तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

आणि वेंगुर्ल्याच्या दादांचा राहिलेला प्रश्न. मासिकं उन्हात घालू नका, कागद करकरीत होऊन तुटतो, सावलीत वारा द्या, कसर लागलेली पानं वेगळी ठेवा आणि पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत तर मुळीच नको, आतून घाम येतो. मग मुखपृष्ठ बघा. नाव 'झायन्स वॉच टॉवर' असेल तर तो अंक 1908 पर्यंतचा, रसेलच्या हातचा. 'झायन्स' गेलं असेल तर 1909 किंवा नंतरचा, आणि नावातच यहोवाच्या राज्याची घोषणा असेल तर 1939 किंवा पुढचा. सोबत 'गोल्डन एज' किंवा 'कॉन्सोलेशन' सापडलं तर तेही त्यांचंच, आजच्या 'सावध राहा!' ची जुनी नावं ती, कॉन्सोलेशन 1946 ला बंद झालं. 'हेरल्ड ऑफ हेल्थ' सापडलं तर ते ओरिएंटल वॉचमनच्या घरचं. दोन गठ्ठे वेगळे करा, मिसळू नका, आणि आजोबांनी समासात पेन्सिलने काही लिहिलं असेल, एखादी बेरीज, एखादं प्रश्नचिन्ह, तर त्या पानाचा फोटो मला नक्की पाठवा.